वाटीभर अळणी

आमच्या घरात देवावर जेवढा विश्वास होता तेवढा माणसांवर नव्हता. आई दूधवाल्यादेखत दुधात बोट बुडवायची आणि नखावर थेंब ठरतो का पळतो ते बघायची. दळण आणलं की चिमूटभर पीठ जिभेवर ठेवायची. गिरणीवाल्यानं आधीच्या गिऱ्हाइकाची बाजरी आमच्या ज्वारीत झाडून टाकली असेल, अशी तिची खात्रीच होती. शेजारीण हळद मागायला आली तर तिला हळद मिळायची, पण ती गेल्यावर आई दारात उभी राहून ‘हिला आजच हळद कशी संपली?’ यावर बराच वेळ विचार करायची. हा स्वभाव मला जशाचा तसा मिळालाय. माझी सून म्हणते की मी रिक्षावाल्याला पत्ता सांगताना सुद्धा अर्धाच सांगते. सांगते, खोटं कशाला बोलू?

आम्ही तेव्हा भूमला राहत होतो. मोठ्या बहिणीचं लग्न झालं होतं, त्यामुळे घरात आण्णा, आई आणि मी अशी तिघंच. आण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. माणूस अंगानं थोराड, मिशा भरघोस, आवाज मात्र इतका मऊ की गाडीत कंडक्टरच प्रवाशांवर ओरडायचा आणि आण्णा नुसते आरशातून बघायचे. त्यांना आयुष्यात दोनच गोष्टींची हौस होती. एक गाडी आणि दुसरं मटण. बाजारच्या दिवशी ड्यूटी नसली की सकाळीच ते कासिमचाचांच्या दुकानात जाऊन बसत. कासिमचाचा मुलाणी, आण्णांचे शाळेपासूनचे दोस्त. दुकानासमोर लिंबाखाली एक लाकडी बाकडं होतं, त्यावर आण्णांची जागा ठरलेली. चाचा बोकड कापून पळसाच्या पानांवर वाटे लावत. प्रत्येक वाट्यात मांडी, बरगडी, काळीज, चरबी सगळं थोडंथोडं येईल असं बघत, आणि आण्णा तिथं बसून ‘ह्या वाट्यात काळीज कमी दिसतंय बग’ असं उगाच काहीतरी बोलून त्यांना चिडवत. घरी वाटा आला की दुपारपर्यंत खलबत्त्याचा आवाज चालायचा. आई येसूर, म्हणजे रश्श्याचा मसाला, घरीच करायची. भाजलेली बाजरी, धणे, खोबरं यांचा वास आणि शिजणाऱ्या मटणाचा वास एकत्र झाला की गल्लीतली कुत्रीसुद्धा आमच्या पायरीवर येऊन बसत. आण्णा चार भाकरी कुस्करून खायचे. आई समोर बसून त्यांना वाढायची आणि त्या वेळेपुरती कुणावरही संशय घ्यायची नाही.

परवा सुनेनं मला मोबाईलवर काहीतरी वाचून दाखवलं. लाल मांस जास्त खाल्लं की हृदय बिघडतं, आतडी बिघडतात आणि वर पृथ्वीही तापते म्हणे. मी म्हटलं, भूमची पृथ्वी मी जन्मायच्या आधीपासून तापलेलीच आहे. ती हसली नाही. मोबाईलवरचं मी सहसा खरं धरत नाही, पण मागच्या वर्षी गावी गेले तेव्हा आमच्या शाळेमागचा माळ बघितला होता. आमच्या वेळी त्या माळावर बोरी होत्या, तरवड होता, शेळ्या तेव्हाही चरत होत्या. आता घरटी दर रविवारी मटण लागतं, शिवाय पुण्यामुंबईच्या गाड्या बोकडं भरून नेतात, आणि माळावर लावलेली रोपं शेंड्यापासून ओरबाडलेली. काळ्या शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून शेवटचं हिरवं पान खात होत्या. बिचाऱ्या शेळ्यांना काय नावं ठेवायची, त्यांना कोण खातंय ते बघायला पाहिजे. पण पृथ्वीचं राहू दे. मला जे सांगायचंय ते एका माणसाच्या पायाच्या अंगठ्याचं आहे.

आण्णांचा डावा अंगठा एका सकाळी वांग्याएवढा सुजला. लालभडक झाला, चादरीचा नुसता स्पर्श झाला तरी आण्णा कळवळायचे. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि सांगितलं की मांसातून तयार होणारं आम्ल लघवीवाटे जायला पाहिजे ते रक्तात साठतंय, त्याचे खडे सांध्यात जाऊन बसलेत. पुढं मूत्रपिंडावर जाईल. मटण बंद, मीठ कमी. दारूचं विचारलं, पण आण्णा दारूच्या वासानंही तोंड फिरवायचे. घरी आल्यावर आईनं येसराचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि जाहीर केलं की आजपासून या घरात तुकडा शिजणार नाही. आण्णा म्हणाले, “बरं.” एवढंच म्हणाले, म्हणून आईला लगेच शंका आली. एवढ्या हौशीचा माणूस एवढ्या सहज बरं कसा म्हणतो?

पथ्याबरोबर औषधही आलंच. आमच्याकडं आजारी माणसाला, बाळंतिणीला, पडून हात मोडलेल्या पोराला अळणी देतात. बोकडाचे पाय चुलीत भाजायचे, खरडून धुवायचे, हळद घालून मंद आचेवर रात्रभर उकळत ठेवायचे, आणि मीठमसाला न घालता वरचं पाणी तेवढं गाळून घ्यायचं. आण्णांचं दुखणं पायाचं, म्हणून आईनं पायांचीच अळणी सुरू केली. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानातून पाय आणायची, कारण आण्णांची ही हौस कासिमचाचांमुळंच, असं म्हणून त्यांच्याकडं ती आता ढुंकूनही बघत नव्हती. रोज पहाटे, ड्यूटीवर जायच्या आधी, अनशापोटी वाटीभर. आण्णा नाक दाबून ती प्यायचे, मिशा रुमालानं पुसायचे आणि निघायचे.

पण अंगठा काही बसेना. चार दिवस बरा वाटायचा, पुन्हा फुगायचा. मग गुडघाही धरला. आणि आईची खात्री पटली की आण्णा बाहेर चोरून मटण खातात.

त्या दिवसापासून घरात तपास सुरू झाला. आण्णा ड्यूटीवरून आले की आई आतून हळूच म्हणायची, “शालन, पाणी ने आन् हात हुंग.” मटणाचा वास साबणानं जात नाही, नखांच्या कडांना राहतो, असं तिचं शास्त्र होतं. मी तांब्या द्यायच्या निमित्तानं वाकायची. मला डिझेलचा वास यायचा, घामाचा यायचा, तंबाखूचा यायचा. एकदोनदा आण्णांनीच हात पुढं केला आणि म्हणाले, “हुंग बाबा, लाजू नको.” मी लाजले नाही, हुंगला. खरं सांगायचं तर माझाही आण्णांवर विश्वास उरला नव्हता. ते हसले की वाटायचं, काहीतरी लपवायलेत म्हणून हसतात. गप्प बसले की वाटायचं, सापडू म्हणून गप्प आहेत. संशयाचं असं असतं, त्याला काहीही खायला घातलं तरी चालतं.

मग एक दिवस आईला रुमाल सापडला. धुवायला म्हणून तिनं खिसे उलटे केले तर आण्णांच्या रुमालावर पिवळा, तेलकट डाग. तिनं तो नाकाला लावला, मग माझ्या नाकाला लावला. वास मटणाचाच होता, वादच नाही. आईनं तो रुमाल धुतला नाही. पुरावा म्हणून खुंटीवर टांगला. संध्याकाळी आण्णा आले, त्यांनी रुमाल बघितला, आईकडं बघितलं आणि खाटेवर बसले.

“मी काय खाल्लेलं न्हाय.”

“मग रुमालाला वास कशाचा येयलाय?”

“मला काय म्हाईत? आई भवानीच्यान सांगतो, बाहेर एक तुकडा तोंडात घातलेला न्हाय.”

आमच्या भागात भवानीची शपथ कुणी उगाच घेत नाही. तुळजापूर काही लांब नाही, देवी ऐकते असं सगळ्यांना वाटतं. आईनं खुंटीवरच्या रुमालाकडं पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाली, “देवीला बी फसवायलाव आता.”

आण्णा उठून अंगणात गेले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. गाडीखाली कुणी आल्यासारखा झाला होता.

पुढच्या बाजारच्या दिवशी आईनं पिशवी घेतली, मला घेतलं आणि थेट कासिमचाचांच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली. आण्णा बाकड्यावर बसले होते, नुसते. समोर गिऱ्हाइकं होती, वाटे लावलेले होते. आईचा आवाज भाजीबाजारापर्यंत गेला असेल.

“कासिमभाई, आमच्या माणसाला चोरून खाऊ घालायलाव, का जीव घ्यायचा हाय त्याचा?”

चाचांच्या हातातला सुरा तसाच राहिला. “वैनी, खुदा की कसम. डाक्टर बोलला तवापासून हड्डी बी न्हाय दिली मी. इच्यारा ना त्यांना.”

“त्यांना काय इच्यारायचं? तुमी दोघं एकाच माळेचे.”

आण्णा म्हणाले, “पुरं कर.” आई थांबली नाही. लोक जमले. कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, कापणाऱ्याला काय, खाणारा पाहिजे. चाचांनी सुरा बाजूला ठेवला, हात फडक्याला पुसले आणि आण्णांच्या समोर येऊन अगदी हळू आवाजात बोलले. “ड्रायव्हरसाब, तुमी हितं नका बसत जाऊ. माज्या दुकानाला वास हाय. तो तुमच्या अंगाला लागतुया.”

आण्णा लंगडत उठले. त्यानंतर ते बाकडं तिथं होतं, पण त्यावर कुणी बसलेलं मी बघितलं नाही. बाजारातून येता-जाता आण्णा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालायचे.

थोड्या दिवसांनी त्यांनी आजारपणाची रजा टाकली आणि पिशवीत दोन कपडे भरून बेंबळीला, आत्याकडं निघून गेले. आईला फक्त एवढंच म्हणाले, “हितं मला पाणी प्यायचं म्हणलं तरी कुणीतरी हुंगतंय.” आत्याच्या घरात मटण जत्रेलाच शिजायचं. तिथं त्यांना ज्वारीची भाकरी, अंबाडी, हुलग्याचं माडगं असं मिळायचं. आत्याला अळणी करायची दगदग नको होती; ती म्हणायची, खाऊन पिऊन असलेल्या माणसाला कशाला बाळंतिणीचं खाणं. आण्णा परतले ते स्टँडवरून पायी चालत. अंगठा उतरला होता, चप्पल घालता येत होती. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली.

आईनं मात्र बोट नाचवलं. “बघ! कासिमपासून लांब ऱ्हायले की झाले बरे. मी काय म्हणत होते?” सगळं तिच्या म्हणण्याप्रमाणंच घडत होतं. मग तिनं आण्णांकडं नीट बघितलं, गाल बसलेत असं ठरवलं आणि दुसऱ्या पहाटे वाटीऐवजी पेला भरून अळणी दिली.

आठवडा गेला नसेल, अंगठा पुन्हा सुजला. यावेळी घोटाही. आता आण्णा कासिमचाचांकडं तर जात नव्हते. आईनं एसटीच्या कॅन्टीनवर संशय घेतला, कंडक्टरवर घेतला, बेंबळीच्या आत्यानं काही करणी केली का याचाही विचार केला. आणि एका दुपारी मी शाळेतून आले तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं, माझा हात धरला आणि नाकाजवळ नेला. तिला वाटलं, आण्णांना डब्यातून आणून देणारी मीच. मी हात झटकला नाही, तशीच उभी राहिले. मग इतकी रडले की आईच घाबरली. आण्णा खाटेवरून म्हणाले, “उद्या बार्शीला जाऊ. मोठ्या डाक्टराला दाखवू. काय असंल ते एकदाचं कळू दे.” बोलताना त्यांनी आईकडं बघितलं नाही.

बार्शीचे डॉक्टर वयानं मोठे होते, कमी बोलायचे. कागद बघितले, पाय दाबला, आण्णांचं ‘आई गं’ ऐकलं आणि विचारलं, “मटण खाता?”

“न्हाय.”

आईनं तोंड वाकडं केलं. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. ते म्हणाले, “बाई, तुम्ही सांगा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत यांच्या पोटात काय काय जातं?”

आई सावरून बसली. कुणीतरी आपल्याला नीट विचारलं याचं तिला बरं वाटलं असावं. ती अगदी अभिमानानं सांगायला लागली. “सगळं पथ्यानं देते साहेब. तुकडा न्हाय, रस्सा न्हाय. तेल बेताचं. पहाटे अनशापोटी पायाची अळणी देते, वाटीभर. आता अशक्त झालेत म्हणून पेलाभर.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “रोज?”

“एक दिवस चुकवलेली न्हाय.”

त्यांनी रक्ताचा कागद पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाले, “बाई, रात्रभर उकळून पायातलं सगळं त्या पाण्यात उतरतं. जे त्यांना नको, त्याचा तो अर्क आहे. आठवड्यातून दोन तुकडे खाल्ले असते तरी एवढं झालं नसतं.”

आई बघत राहिली. तिला ते शब्द ऐकू आले, पण आत जायला वेळ लागला. शेवटी ती बारीक आवाजात म्हणाली, “पण त्यात मीठ न्हाय.”

मला हसू येईल असं वाटलं आणि आलं नाही. आण्णा आईकडं बघत होते. त्यांना राग आलाय का हे मी शोधत होते, पण रागाचं काही दिसेना. ते इतकेच म्हणाले, “मी बी ते औषधच समजत होतो.” आमच्या घरात, आमच्या गल्लीत, सगळ्यांच्याच लेखी मटण म्हणजे चावायची वस्तू होती. वाटीतनं प्यायचं ते औषध. आण्णांनी देवीची शपथ घेतली तेव्हा ‘बाहेर एक तुकडा नाही’ म्हणाले होते, आणि ते अगदी खरं होतं. तो रुमालही खरा होता, पहाटे अळणीच्या मिशा त्यालाच पुसलेल्या. खोटं कुणीच बोललं नव्हतं, आणि तरी एक माणूस दोस्ताच्या दारातून उठवला गेला होता.

परतीच्या गाडीत आई खिडकीकडं तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिनं डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाली, “चल संगट.” बाजारचा दिवस नव्हता, चाचा दुकान धूत होते. आईला माफी मागायची सवय नव्हती, शब्दच नव्हते तिच्याकडं. ती पायरीखाली उभी राहिली.

“कासिमभाई, त्यांना मीच घालत होते. अळणी.”

चाचांनी बादली खाली ठेवली. त्यांना समजायला वेळ लागला नाही, कारण अळणी त्यांच्याही घरात होत होती. “वैनी,” ते म्हणाले, “मला बी ठाव नव्हतं. तुमी मला मागितली असती तर मी बी पाय साफ करूनच दिलं असतं.”

आई रडली. मी तिला पहिल्यांदा माणसांसमोर रडताना बघितलं. चाचांनी बाकड्यावर पाणी ओतून ते फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, “संध्याकाळी ड्रायव्हरसाबला म्हणावं, या.”

आण्णा गेले, पुन्हा तिथं बसायला लागले. अंगठा उतरला, गाडी पुन्हा हातात आली. तसं बघितलं तर सगळं मार्गाला लागलं. पण घरात एक नवीन गोष्ट सुरू झाली. ताट समोर आलं की आण्णा जेवायला सुरुवात करायच्या आधी विचारायचे, “ह्यात काय हाय?” रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. पुढच्या गाडीची वेळ विचारावी तसं. आणि माझी आई, जिनं कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही, ती पदराला हात पुसत सांगायची. ज्वारी आहे, मेथी आहे, लसूण आहे, तेल एवढं आहे. आमटीत येसूर घातलाय, दुसरं काही नाही. मला त्या प्रश्नाचा राग यायचा. वाटायचं, एकदा म्हणा की, दे, खातो. लग्न होऊन मी सासरी गेले, माहेरपणाला आले, मुलं झाली, तरी तो प्रश्न चालूच होता. आईनं त्यावर एकदाही तोंड वाकडं केलं नाही. तिला तो प्रश्न म्हणजे शिक्षा वाटायची की दुसरं काही, हे मी तिला कधी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायचा हक्क आता एकट्या आण्णांचा होता.

आण्णा शेवटी आजारी पडले ते म्हातारपणानं. खाटेवरून उठता येत नव्हतं, डोळे बहुतेक मिटलेले असायचे. मी तेव्हा भूमलाच होते. आई तांदळाची पेज घेऊन आली, उशीला टेकवून त्यांना बसतं केलं, चमचा भरला आणि थांबली. आण्णांनी काही विचारलं नाही. नुसतं तोंड उघडलं. आई चमचा तसाच धरून बसली.

“आवं, इच्यारा की,” ती म्हणाली.

आण्णांनी डोळे उघडून तिच्याकडं बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून. मग पुन्हा तोंड उघडलं.

“तांदूळ हाय,” आई म्हणाली, “आन् पाणी. दुसरं काय बी न्हाय.” आणि मग तिनं चमचा त्यांच्या तोंडात घातला.